सांताक्रूझ बेटावर लाँग वीकेंड: पहिल्यांदाच तंबू ठोकणाऱ्यांसाठी

लॉस एंजेलिसच्या बाजूला नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा पहिला लाँग वीकेंड बहुधा लास व्हेगासला खर्ची पडतो आणि दुसरा योसेमिटीच्या गाड्यांच्या रांगेत. तिसऱ्यासाठी माझा सल्ला ऐका. वेंच्युरा बंदरातून बोटीने तासा-सव्वातासाच्या अंतरावर सांताक्रूझ नावाचं बेट आहे. चॅनेल आयलंड्स नॅशनल पार्कमधलं हे बेट. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, रस्त्यावर गाडी नाही. दोन रात्री तंबूत काढायच्या आणि परत यायचं.

बेट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घारापुरी येते: धक्क्यावर उतरलं की कणीस, काकडी, लिंबूसरबत, सगळं हजर. इथे चहाचा घोटसुद्धा मिळत नाही. जे लागेल ते आपण न्यायचं, आणि जे उरेल ते, कचऱ्यासकट, आपणच परत आणायचं. त्यामुळे या सहलीची नव्वद टक्के तयारी घरीच होते. बेटावर गेल्यावर करायला फारसं काही उरत नाही, आणि मजा त्यातच आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. मुंबईचं सांताक्रूझ राहू द्या, पण याच नावाचं शहर कॅलिफोर्नियातच, सॅन होजेच्या पलीकडे आहे. फोनवर नुसतं ‘सांताक्रूझ’ टाकून निघालात, तर पाच-साडेपाच तास उत्तरेला जाऊन पोहोचाल. आपल्याला जायचंय ते ‘वेंच्युरा हार्बर’ला. लॉस एंजेलिसपासून साधारण ७० मैल.

तारीख कोणती धरावी

मेमोरियल डे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो, लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या. नवख्या माणसाने लेबर डे धरावा, किंवा ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी मिळत असेल तर ती. मे-जूनमध्ये या किनाऱ्यावर धुकं दुपारपर्यंत हटत नाही, इथले लोक त्याला ‘जून ग्लूम’ म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते आणि समुद्राचं पाणी वर्षातलं सगळ्यात कमी गार. ‘कमी गार’ असंच म्हणतोय, कारण गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्यांना ते गारच लागणार.

वसंतात डोंगर हिरवे असतात, उन्हाळा लागला की सगळं गवत वाळून पिवळं पडतं. काहींना ते भकास वाटतं. सह्याद्रीत एप्रिलमध्ये भटकलेल्या माणसाला मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. फुलं आणि हिरवळच हवी असेल तर मार्च-एप्रिल पाहा, पण तेव्हा पावसाची शक्यता धरून चला.

आधी बोट, मग जागा

पार्कात शिरायला प्रवेश फी नाही, पण दोन आरक्षणं लागतात, आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी. तंबूची जागा सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे रिक्रिएशन डॉट गव्हवर. बोट आयलंड पॅकर्स या कंपनीची, पार्कने प्रवासी वाहतुकीचं काम त्यांना दिलेलं आहे. जागा सहा महिने आधीपासून मिळते आणि लाँग वीकेंडची लवकर संपते, त्यामुळे लेबर डेला जायचं तर मार्चच्या सुरुवातीलाच संगणकासमोर बसा. पण जागा दिसली म्हणून लगेच पैसे भरू नका. त्या दिवसाची बोट, जातानाची आणि येतानाचीही, आहे ना, हे दुसऱ्या खिडकीत आधी बघा. जागा हातात आहे आणि बोट भरलेली, अशी माणसं दर मोसमात भेटतात. जागेचं भाडं रात्रीला पंधरा डॉलरच्या आसपास असतं, खरा खर्च बोटीच्या तिकिटांचा. तंबूवाल्यांचं तिकीट वेगळं असतं आणि दिवसभराच्या प्रवाशांपेक्षा महाग, कारण सामान न्यायचं असतं. तिकीट काढताना ‘डे ट्रिप’ निवडलं जाणार नाही हे पाहा.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक, बोट वेंच्युराहून सुटते की ऑक्सनार्डहून. कंपनी दोन्ही बंदरांतून बोटी सोडते. दोन, बेटावर कुठे उतरवणार. सांताक्रूझवर उतरण्याच्या जागा दोन आहेत: स्कॉर्पियन आणि प्रिझनर्स हार्बर. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून स्कॉर्पियन घ्यावं. तिथली तंबूची जागा धक्क्यापासून अर्ध्या मैलावर सुरू होते, वाट सपाट आहे आणि मुख्य म्हणजे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. प्रिझनर्स हार्बरला उतरून डेल नॉर्टे नावाच्या तळावर जायचं तर पाठीवर सगळं ओझं घेऊन साडेतीन मैलांची चढण चढायची आणि वर पाण्याचा थेंब नाही. पलीकडच्या अनाकापा बेटाचे फोटो भुरळ घालतात, पण तिथे बोटीतून उतरल्या उतरल्या १५७ पायऱ्या आहेत आणि पाणी तिथेही नाही. ते नंतर कधीतरी.

एका जागेवर सहा माणसं चालतात. आपली मंडळी कधीच सहा नसतात. सुरुवातीला दोन कुटुंबं ठरतात आणि शेवटी कुणाचा तरी मावसभाऊ वाढतो. आठ जण असाल तर शेजारशेजारच्या दोन जागा सुरुवातीलाच घ्या. जमलं तर खालच्या भागातल्या घ्या, वरच्या भागातल्या जागांसाठी सामान घेऊन जवळजवळ मैलभर चालावं लागतं.

सामान: उचलून बघा

गाडीने तंबू लावायला जाणं आणि इथे जाणं यांत मोठा फरक आहे तो हाच. गाडीच्या डिकीत काय वाटेल ते कोंबता येतं. इथे प्रत्येक वस्तू आधी गाडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत, बोटीतून बेटावर आणि मग अर्धा मैल हातातून न्यायची. एका नगाचं वजन ४५ पौंडांच्या आत हवं, म्हणजे साधारण २० किलो. बोटीवर चढवताना आणि उतरवताना प्रवासी रांग करून सामान हातोहात पुढे देतात. तुमची पिशवी अनोळखी आजोबांच्याही हातातून जाणार आहे, त्यांचाही विचार करा. मोठी रकसॅक किंवा दणकट बंदांची डफल बॅग सगळ्यात सोयीची. दोऱ्या बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चाकांची सूटकेस नको.

पुठ्ठ्याचे खोके चालत नाहीत, हे अनेकांना धक्क्यावर कळतं. सरपणाचं लाकूड, कुंड्या, फुलं, मातीने माखलेली अवजारं, सायकल, कुत्रं, यांनाही बंदी आहे. कारण साधं आहे. खोक्याच्या पन्हळींत मुंग्या आणि कोळी लपतात, बुटाच्या तळाला परक्या गवताचं बी चिकटतं, आणि बेटावर एकदा घुसलेली गोष्ट बाहेर काढायला वर्षं लागतात. निघण्याआधी बूट घासून धुवा आणि तंबू उलटा करून झटका. मागच्या सहलीची माती त्यात असतेच.

बेटावर जाळ करायला मनाई आहे. शेकोटी नाही, कोळसाही नाही. फक्त गॅसची छोटी शेगडी चालते. गॅसचा डबा सामानात खोल कोंबू नका. तो वेगळा ठेवून बोटीवरच्या माणसांना दाखवावा लागतो.

तंबू साधा दोन-तीन माणसांचा पुरतो, पण खुंट्या चांगल्या घ्या, वारा कधी उठेल सांगता येत नाही. रात्री पारा दहा-बारा सेल्सियसपर्यंत उतरतो आणि दव इतकं पडतं की सकाळी तंबूच्या बाहेरचं कापड पिळून काढावं. दोरीवर टाकलेले कपडे रात्रभरात आणखी ओले होतात. गरम जाकीट, कानटोपी, कोरडे मोजे, डोक्याला बांधायचा टॉर्च. प्रत्येकाजवळ पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या. उन्हाची टोपी आणि क्रीम, कारण चालायच्या वाटांवर सावली जवळजवळ नाही.

खाण्याची आखणी

इथे जरा थांबतो, कारण आपल्या लोकांची सहल याच मुद्द्यावर तरते किंवा बुडते.

बर्फाची मोठी पेटी आणि त्यात मसाला लावून ठेवलेलं चिकन, हा बेत सोडून द्या. पेटी जड, बर्फ दुसऱ्या दिवशी पाणी होतो, आणि एका छोट्या शेगडीवर आठ माणसांचं चिकन शिजवताना अंधार पडतो. कोरडा शिधा न्या. पहिल्या दिवशी दुपारी आणि रात्री घरून केलेलंच खायचं: दुधात भिजवलेल्या दशम्या, नाहीतर थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. दुसऱ्या दिवसाच्या नाश्त्याचा रवा घरीच भाजून, त्यात फोडणी, मीठ, साखर घालून पिशवीत भरा. बेटावर फक्त उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. रात्री मुगाची खिचडी. डाळ-तांदूळ आणि मसाला एकत्र मोजून एका पिशवीत भरून ठेवा, म्हणजे अंधारात डबे शोधावे लागणार नाहीत. दोन लिटरचा छोटा कुकर न्यावा की नाही यावर आमच्या गटात कायम वाद असतो. माझं मत: न्यावा. वजन वाढतं, पण गॅस निम्मा लागतो आणि वाऱ्यात उघडं पातेलं उकळायची वाट बघत बसावं लागत नाही. एकच शिट्टी करा, शेजारचे तंबू दचकतात.

यावर आणखी एक दिवसाचा शिधा न्यायचा, आणि तो हौस म्हणून नव्हे. वारा आणि लाटा वाढल्या की बोट येत नाही. शरदात आणि हिवाळ्यात वाळवंटाकडून येणारे सांता आना वारे सुटले तर स्कॉर्पियनचा धक्का नेमका त्यांच्या तोंडावर येतो. त्यासाठी भडंग, मेतकूट, भाजलेले पोहे, गुळाच्या वड्या असलं काहीतरी बाजूला बांधून ठेवा आणि सोमवारच्या आधी त्या पिशवीला हात लावू नका. रोजच्या गोळ्याही एका दिवसाच्या जास्त घ्या. मंगळवारी सकाळी नऊची मीटिंग असेल तर ऑफिसात आधीच कल्पना देऊन ठेवा, कारण बेटावर फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते.

निघायचा दिवस

बंदरावर तासभर आधी पोहोचा. सामान लावणं, गॅस दाखवणं, गाडी दोन रात्री कुठे ठेवायची ते विचारणं, यात वेळ जातो. वेळ उरलाच तर स्पिनेकर ड्राइव्हच्या टोकाला पार्कचं माहिती केंद्र आहे, मुलांना तिथे नक्की न्या.

बोट लागणाऱ्यांनी बढाया मारू नयेत. ‘मी कोकणातला आहे’ याने काही होत नाही. उलटीची गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. आधी हलकं खा, रिकाम्या पोटीही निघू नका. बोटीच्या मागच्या बाजूला उघड्यावर उभे राहा, नजर क्षितिजावर ठेवा, फोनमध्ये घालू नका. आलेपाक खिशात असू द्या.

वाटेत डॉल्फिन बहुतेक वेळा दिसतात, कधी शेकड्यांनी. कॅप्टन बोट हळू करतो आणि सगळे एका बाजूला धावतात. या बेटांचे मूळ रहिवासी चुमाश लोक. ते या बेटाला लिमुव म्हणतात. त्यांची एक कथा आहे: बेटावर माणसं फार झाली तेव्हा भूमातेने किनाऱ्यापर्यंत इंद्रधनुष्याचा पूल टाकला. पुलावरून जाताना ज्यांनी खाली पाहिलं त्यांचा तोल गेला आणि ते समुद्रात पडले. ते बुडू नयेत म्हणून तिने त्यांचे डॉल्फिन केले. म्हणून चुमाश लोक डॉल्फिनना भावंडं मानतात. फळ्या शिवून आणि डांबर लावून केलेल्या ‘टोमोल’ नावाच्या होड्यांतून ते हीच खाडी वल्हवत पार करत. २००१ पासून त्यांच्या वंशजांनी तो प्रवास पुन्हा सुरू केला आहे.

धक्क्यावर उतरताना बोट वरखाली होत असते. दोन्ही हात मोकळे ठेवा, फोन खिशात, कॅमेरा गळ्यात. पोरांना बोटीवरची माणसं सांगतील तेव्हाच उतरवा.

कोल्हे आणि डोमकावळे

तंबू लावायच्या आधी एक काम: सगळं खाणं जागेवरच्या बंद पेटीत. प्रत्येक जागेला टेबल आणि अशी एक पेटी असते. पेटीत खाण्याबरोबर टूथपेस्ट, साबण, च्युइंगगम, कचऱ्याची पिशवीही जायला हवी. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून पिशवी टेबलावर ठेवायची नाही.

कारण डोमकावळे. आपल्याकडच्या कावळ्याच्या दीडपट मोठे, काळेकुळकुळीत, आणि चेन उघडण्यात पटाईत. एकदा शेजारच्या जागेवरचं कुटुंब तंबूच्या खुंट्या ठोकण्यात गुंतलेलं होतं. एक डोमकावळा टेबलावर उतरला, रकसॅकभोवती एक फेरी मारली, चेनची दोरी चोचीत धरली आणि मागे चालत गेला. चेन उघडली. मग त्याने डोकं आत घातलं, एक सॉक्स बाहेर काढून बाजूला टाकला, पुन्हा डोकं घातलं आणि बदामांची पुडी घेऊन निलगिरीच्या झाडावर जाऊन बसला. उपाय सोपा आहे. चेनची दोन्ही टोकं एका छोट्या कडीने किंवा तारेने एकमेकांना अडकवा. हे तंबूच्या चेनलाही करा.

कोल्हा संध्याकाळी येतो, कधी भरदुपारीही. आपल्या माळावरच्या खोकडासारखा दिसतो, पण आकाराने मांजराएवढा, दोन किलोच्या आसपास. घाबरत नाही, पायाजवळून जातो. त्याला काहीही द्यायचं नाही, शेंगदाणासुद्धा नाही. याचं कारण समजून घ्यावं असं आहे. सोनेरी गरुडांना बेटांपासून दूर ठेवणारे टकले गरुड डीडीटी या कीटकनाशकामुळे इथून नाहीसे झाले. पाळीव डुकरं रानटी होऊन माजली होती. त्यांच्या पिल्लांवर जगायला मुख्य भूमीवरून सोनेरी गरुड आले, आणि ते कोल्ह्यांनाही उचलू लागले. नव्वदच्या दशकात कोल्हे भराभर घटले आणि या बेटावर शंभरापेक्षाही कमी उरले. २००४ मध्ये ते संकटग्रस्त यादीत गेले. डुकरं हटवली, सोनेरी गरुड पकडून दूर सोडले, टकले गरुड परत आणले, कोल्ह्यांची पैदास पिंजऱ्यात केली. २०१६ मध्ये ते यादीतून बाहेर आले. इतक्या लवकर सावरलेलं दुसरं सस्तन प्राण्याचं उदाहरण अमेरिकेच्या त्या यादीत नव्हतं. बूट मात्र तंबूच्या आत घ्या.

उंदीरही आहेत. त्यांच्यामुळे हँटा व्हायरसचा धोका असतो, म्हणून खरकटं ठेवू नका आणि तंबूचं दार बंद ठेवा. रॅटलस्नेक या बेटावर नाहीत, त्या भीतीने रात्र जागवू नका. पॉयझन ओक नावाचं तीन-तीन पानांचं झुडूप मात्र आहे, अंगाला लागलं तर खाज सुटते. आणि तंबू निलगिरीच्या जाड फांदीखाली नको. गुरं-मेंढ्या पाळणाऱ्यांच्या काळात लावलेली ही जुनी झाडं आहेत, वाऱ्यात फांद्या टाकतात.

दिवस कसे घालवाल

पहिल्या संध्याकाळी कॅव्हर्न पॉइंट. दोन मैलांचा फेरा, सुरुवातीची चढण चांगलीच दमवते, वर गेल्यावर खाली समुद्र आणि त्यात केल्प नावाच्या लांबलचक समुद्री शेवाळाची तांबूस जंगलं दिसतात. उन्हाळ्यात निळे आणि हंपबॅक देवमासे, हिवाळ्यात ग्रे देवमासे इथून दिसू शकतात. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाऊ नका, इथली माती ठिसूळ आहे आणि खालून पोखरलेली असते.

दुसरा दिवस मोठ्या वाटेचा. पोटॅटो हार्बर जाऊन-येऊन पाच मैल, मुलांनाही जमतं. स्मगलर्स कोव्ह जाऊन-येऊन साडेसात मैल, तिथे किनारा छान आहे पण पिण्याचं पाणी नाही, आणि परतीची चढण नेमकी उन्हात येते. मी नवख्यांना पोटॅटो हार्बरच सुचवतो. स्कॉर्पियन कॅन्यनमध्ये गर्द निळा आयलंड स्क्रब-जे पक्षी दिसला तर थांबून पाहा, हा पक्षी जगात फक्त याच बेटावर आहे.

समुद्रगुहांत कयाक घालायची इच्छा सगळ्यांनाच असते. परवानाधारक वाटाड्याबरोबरच जा, आरक्षण घरूनच करा आणि वेळ सकाळची घ्या. दुपारी वायव्येचा वारा वाढतो. पोहता न येणाऱ्यांनी हा बेत सोडला तर काही बिघडत नाही. धक्क्याजवळ नुसता चश्मा-नळी लावून पाण्यात पाहिलं तरी नारिंगी रंगाचे गॅरिबाल्डी मासे दिसतात, फक्त वेटसूट हवा. ते मासे पकडणं गुन्हा आहे आणि इथला समुद्र राखीव आहे, त्यामुळे गळ घरीच ठेवा.

परतीच्या दिवशी

तंबू सकाळी दवाने भिजलेला असतो, त्यामुळे आवरायची घाई नको. दहापर्यंत उन्हात पसरून ठेवा. ओला गुंडाळला तर वजन वाढतं आणि घरी बुरशी धरते. कचरा दोन पिशव्यांत, एक फुटली तर दुसरी. टेबलाखालचे शेंगदाण्याचे तुकडेही वेचा, डोमकावळा ते बघत बसलेलाच असतो. बोटीच्या वेळेआधी अर्धा तास धक्क्यावर हजर राहा. सामान उतरवायला जशी रांग केली तशी चढवायलाही करावी लागते.

गाडीत आधीच कोरडे कपडे, चपला आणि पाण्याची बाटली ठेवून जा. सोमवारी संध्याकाळी १०१ वर लॉस एंजेलिसच्या दिशेने गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, तेव्हा वेंच्युरातच जेवून, रहदारी ओसरल्यावर निघालेलं बरं. न वापरलेली भडंगाची पिशवी हाताशी ठेवा.